घास अडतो तिथं

शेषरावांच्या सदऱ्याच्या खिशातून चावलेल्या भाकरीचा गोळा निघाला तेव्हा विजयमालाच्या एका हातात साबणाची पावडर होती. रविवारची सकाळ, वाशीममधलं तिचं दोन खोल्यांचं भाड्याचं घर, मोरीत कपड्यांच्या मशीनचं झाकण उघडं, नळ सुरू. कपडे टाकण्याआधी खिसे चाचपायची तिची सवय जुनी. बापाच्या खिशात कायम काहीतरी निघायचंच, सुपारीचं खांड, चष्म्याचा स्क्रू, गोळ्यांची रिकामी पट्टी. हे मात्र रुमालात होतं आणि रुमालाला गाठ मारलेली होती. तिनं ती सोडली. ज्वारीच्या भाकरीचा बारीक चावलेला, लाळेनं चिकट झालेला लगदा, त्यात मेथीच्या भाजीचे हिरवे दोरे. वाळलेला नव्हता, म्हणजे कालच्या रात्रीचाच. दुसरी कोणी असती तर शी म्हणून रुमालासकट फेकून दिलं असतं. विजयमालानं तो नाकाजवळ नेला. आंबूस वास नव्हता. पोटात जाऊन उलटून आलेल्या अन्नाला आम्लाचा वास येतो, नाकात झोंबतो. जे पोटापर्यंत पोचतच नाही, घशाखाली कुठंतरी अडून माघारी येतं, त्याला नुसता भाकरीचा वास असतो. हे तिला कळलं आणि पाठोपाठ स्वतःचाच संताप आला. बापाच्या तोंडातला घास हुंगते आणि निदान करते! काय बाई आहे ही, माणूस आहे की कोण! मशीनमध्ये पाणी भरत राहिलं आणि नळ बंद करायचं तिच्या ध्यानातच आलं नाही.

खालून बाबांचा आवाज येत होता. तीस वर्षं एसटीत कंडक्टर म्हणून काढलेला माणूस, त्याला हळू बोलणं ठाऊकच नाही. मालेगाव, मेडशी, पातूर, अकोला अशी आरोळी ठोकून त्यांचा गळा जो मोठा झाला तो झालाच. डोळ्यात मोतीबिंदू उतरून राहिलाय का ते दाखवायला ते गुरुवारी मेडशीहून आले होते, आणि दोनच दिवसांत त्यांनी खालच्या घरमालकांशी, निवृत्त तलाठी मारोतरावांशी, ओट्यावरच्या उन्हात गट्टी जमवली होती. "आता मले कायचाच तरास नाई पाहा," बाबा सांगत होते. "पह्यले छातीत अशी आग पडे, जसा कोनी चुलीतला निखारा ठेवला. बसूनच झोपो मी, बसूनच. आता आडवा पडतो, घोरतो. माह्या पोरीनं काढलेलं ऑपरेशन हाये हे." मारोतराव म्हणाले, "म्हंजे तिनं केलं?" "केलं अकोल्याच्या डाक्टरनं. काढलं तिनं. हैद्राबादले होती ना ते पाच वर्सं. आंदी डुकरावर करून पाह्यलं, मंग मानसावर आलं." "डुकरावर?" "हो बाप्पा! डुकराचं पोट आन मानसाचं पोट, सेम टू सेम." मारोतराव हसले, बाबा त्यांच्याहून मोठ्यानं हसले. विजयमाला मोरीत उभी होती, तिच्या पायावरून पाणी वाहत होतं आणि हातात तो रुमाल होता.

तिला थकवा आला. दुःख नाही, भीतीही नाही, नुसता थकवा. हल्ली तिला सगळ्याच गोष्टींचा आधी थकवा यायचा आणि बाकीचं मागाहून, सवडीनं यायचं. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातली नोकरी, रोज सकाळी दारात उभ्या म्हशी, फुगलेल्या शेळ्या, दगावलेल्या वासरांचे पंचनामे. प्रत्येक जनावराबरोबर एक बोलणारा माणूस यायचा आणि जनावर गप्प असायचं. बोलणारा छातीठोक सांगायचा, काल रातच्यान पाला खाल्ला म्हणून झालं, आणि पोट उघडल्यावर निघायची प्लास्टिकची पिशवी. आयुष्यभर अंदाज करायचा. कानाच्या मुळाशी हात लावून, रवंथ बघून, शेणाचा वास घेऊन अंदाज करायचा आणि कधी कोणी सांगायचं नाही की बरोबर ओळखलंस बाई, दुखत होतं ते तिथंच. अडतीस वर्षं वय झालं, लग्न राहून गेलं ते गेलंच, त्याचंही तिला फार काही वाटत नव्हतं. पण दिवसभर मुक्या जिवांच्या मनातलं ओळखून घरी आल्यावर आणखी कोणाच्या मनातलं ओळखायची ताकद अंगात उरत नाही, हे कोणाला सांगून पटलं असतं? आणि आता घरातच हे. ज्याला चांगलं बोंबलायला तोंड आहे, तो माणूस घास रुमालात बांधून खिशात ठेवतो.

तो वास तिला पहिल्यांदा आला होता हैदराबादला, या सरकारी नोकरीच्या आधी. शहराबाहेर, थंड हवेच्या यंत्रांनी गारठलेल्या प्रयोगशाळेच्या लांब इमारतीत गुलाबी, धुतलेली, एका वजनाची डुकरं यायची. वाशीमच्या नाल्यातली काळी, केसाळ डुकरं बघितलेल्या माणसाला ती डुकरं वाटलीच नसती. एका कंपनीला नवीन अवजार बाजारात आणायचं होतं. छातीत जळजळ होणाऱ्या, पोटातलं आम्ल वर चढणाऱ्या माणसांवर जुनं ऑपरेशन आहेच, जठराचा वरचा भाग अन्ननळीभोवती गळपट्ट्यासारखा गुंडाळायचा आणि टाके घालायचे, म्हणजे आम्ल वर येत नाही. त्याला हात कसलेला लागतो. या अवजारानं तेच काम भरभर व्हायचं, टाक्यांच्या जागी पिना बसायच्या, आणि लहान गावातल्या सर्जनलाही ते जमलं असतं. पण आधी जनावरावर दाखवायचं. आता गंमत अशी की डुकराला ही जळजळ नसते. म्हणून आधी ती द्यायची. धडधाकट जनावराला भूल देऊन अन्ननळीच्या खालच्या तोंडाचा स्नायू कापायचा, आम्ल वर चढू द्यायचं, आतून लाल होईपर्यंत वाट बघायची, आणि मग त्याच जनावरावर इलाज करायचा. नाकातून बारीक तार घालून आत किती आम्ल चढतं ते मोजायचं. तारेची पेटी पाठीवर बांधलेली असायची, डुकरं दप्तर घेऊन शाळेत निघाल्यासारखी दिसायची. विजयमालाचं काम भूल देण्याचं, नंतर दुखू नये म्हणून इंजेक्शनं देण्याचं, आणि तीन महिन्यांनी शेवटचं इंजेक्शन देण्याचं. कारण आतून कितपत बरं झालं हे बघायला ती नळी कापूनच बघावी लागते. नियम सगळे पाळले जायचे, कोणी कोणाला लाथ मारत नव्हतं. तिला त्यांची फार दया यायची असंही नाही. सुरुवातीला आली असेल. मग महिन्याच्या महिन्याला नवी गुलाबी पाठ, नवी शीर, तीच सुई.

एक डुक्कर होतं, मादी, डाव्या कानाला खाच असलेली. इलाज झालेल्यांपैकी. तिच्या तारेचं मोजमाप सगळ्यांत सुंदर आलं होतं, आम्लाचा पत्ता नाही, कंपनीचे लोक त्या आलेखाचा फोटो काढून घेऊन गेले. गव्हाण रोज रिकामी असायची, म्हणजे खाणं उत्तम. विजयमाला एकदा सहज कोपऱ्यातली रबराची चटई उचलायला गेली आणि खाली चावलेल्या दाण्याचे गोळे निघाले, कालचे, परवाचे. तिनं वास घेतला. आंबूस नव्हता. मग ती गजांबाहेर उकिडवी बसून बघत राहिली. मादी गव्हाणीत तोंड घालायची, मन लावून चावायची, मान वर करायची, तिथंच थांबायची, डोळे अर्धे मिटायची, आणि मग सावकाश कोपऱ्यात जाऊन सगळं खाली सोडायची. नंतर पुन्हा गव्हाणीशी. भूक होती, पार खच्चून भूक होती, आणि जळजळ अजिबात नव्हती. गळपट्टा घट्ट बसला होता, एवढंच. विजयमालानं वरिष्ठांना सांगितलं. तोंडातून फुगा घालून ती जागा थोडी ताणली, अर्ध्या तासाचं काम, आणि तिसऱ्या दिवशी मादी अशी जेवली की बस. मग तीन महिने भरले आणि इतरांबरोबर तीही गेली. आतून नळी अगदी छान बरी झालेली होती.

नळ बंद करून ती स्वयंपाकघरात आली आणि तिनं आईला फोन लावला. दुर्गाबाई मेडशीला एकटीच होती, तुरीच्या शेंगा झोडपायला बाया लावल्या होत्या, मागे काठ्यांचा आवाज येत होता. "आई, बाबांना घास उतरत नाही का?" विजयमालानं विचारलं. काठ्या तेवढ्या वाजत राहिल्या. मग दुर्गाबाई म्हणाली, "तुले सांगतलं त्याईनं?" "नाही." "मंग म्या बी नाई सांगतलं बरं. ऑपरेशन झालं तवापासून, दोन महिने झाले वं बाई. दुधात भाकर कुस्करून देते, तेही अर्धी कुत्र्यापुढं. पानी पेले त पानी बी वापस. डाक्टरचा फोन आला होता अकोल्याहून, कसं काय बाबा म्हनून, त म्हनले, एकदम फस्क्लास." "आणि तू मला काहीच नाही बोललीस?" "काय बोलू? शपथ घातली मले. म्हने, विजूले बोलशीन त पाह्य. साऱ्या मेडशीत सांगून ठेवलं, माह्या लेकीनं काढलेलं ऑपरेशन हाये. आता लेकीचंच ऑपरेशन बापाले लागू नाई पडलं, लोकं हसतीन. तिचं नाव खराब होईन." आणि मग आईनं आवाज बारीक करून विचारलं, "जीवाले काही धोका त नाई ना वं?"

धोका नाही, असं ती म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर ओट्याशी टेकून उभी राहिली. धोका नव्हता असं नाही. सत्तरीला आलेला माणूस महिनोन्महिने अर्धपोटी राहिला तर वाळतो, एक दिवस घास वर येऊन श्वासाच्या नळीत जातो आणि त्यातून न्यूमोनिया होतो. गुरुवारी ते बसमधून उतरले तेव्हा सदरा ढगळ दिसला होता आणि तिला वाटलं होतं, म्हातारे झाले. जनावर असतं तर तिनं पहिल्यांदा वजन बघितलं असतं. लोकं हसतील! तिला हसू आलं आणि ते हसू घशातच राहिलं. मेडशीचे लोक कशाला हसतात ते तिला चांगलं ठाऊक होतं. तिचा आजा गावातली मेलेली ढोरं ओढायचा. छप्पन्न साली धम्म घेतला तेव्हा त्यांच्या वस्तीनं ते काम एका बैठकीत सोडलं. नंतर पाटलाचा बैल रस्त्याच्या कडेला कुजत पडला तरी कोणी हात लावला नाही. बाबा तेव्हा मांडीवरचं पोर, पण ती गोष्ट ते अशी सांगायचे जशी काही स्वतःच्या डोळ्यांनी बघितली. आणि मग त्यांच्याच मुलीला बारावीच्या मार्कांवर जनावरांच्या डॉक्टरीला प्रवेश मिळाला. गावच्या पानठेल्यावर कोणीतरी म्हणालं होतं, काय शेषराव, फिरून ढोरंच आले काय वाट्याला? बाबा तेव्हा हसले होते. घरी येऊन जेवले नव्हते. वीस वर्षं झाली असतील त्याला, बाबांनी त्या माणसाचं नाव कधी घेतलं नाही आणि त्याच्या ठेल्यावर पानही खाल्लं नाही. आता त्यांच्याकडे त्याला द्यायला उत्तर होतं. माझ्या पोरीनं ढोरं नाही ओढली, ढोरांच्या पोटातून माणसांचा इलाज काढला. हे उत्तर ते घशाशी धरून बसले होते, आणि त्याच्या पलीकडे भाकर कशी जाणार?

ऑपरेशनआधीची ती संध्याकाळ तिला आठवली. अकोल्याच्या खासगी दवाखान्याच्या बाहेर, उसाच्या रसाच्या गाडीपाशी लाकडी बाकावर दोघं बसलेले. बाबांना रस प्यायचा होता आणि दुसऱ्या दिवसासाठी उपाशी राहायचं होतं, म्हणून ते नुसते चरकाकडे बघत होते. आत सर्जननं तेच अवजार दाखवलं होतं, आता बाजारात आलेलं, चकचकीत, आणि विजयमालानं ते ओळखलं होतं. कानाला खाच असलेली ती मादी तिला आठवली होती आणि तरी ती म्हणाली होती, करून घ्या. खोटं नव्हतं ते. ऑपरेशन वाईट नव्हतं. वीस वर्षं बसून झोपणाऱ्या, जेवून उठला की अख्ख्या आळीला ऐकू जाईल असा ढेकर देऊन पुढचे दोन तास छाती चोळत बसणाऱ्या माणसाला आणखी किती गोळ्या द्यायच्या? बाबांनी चरकावरची नजर न काढता विचारलं होतं, "ते डुकरं बरे झाले काय वं?" ती म्हणाली, "आम्ल चढायचं थांबलं, बाबा. यंत्रात दिसलं." "मी यंत्राचं नाई इचारून राह्यलो. डुकराले कसं वाटलं?" "ते कसं सांगणार? त्यांना बोलता येतं का?" आणि बाबा खुशीत येऊन म्हणाले होते, "मंग मी सांगीन ना तुले. मले तोंड हाये. कंडक्टरचं तोंड." तिला तेव्हा फार बरं वाटलं होतं. वाटलं होतं, चला, एक तरी असा रोगी भेटला.

दुपारी तिनं मुद्दाम भाकरीच टाकल्या. खिचडी करता आली असती, पण तिला बघायचं होतं. हा विचार मनात आला आणि तिला पुन्हा ती गजांबाहेर उकिडवी बसलेली दिसली. थापताना एक भाकर फाटली. बाबा पाटावर मांडी घालून बसले, ताटातल्या वांग्याच्या भाजीकडे पाहून वा म्हणाले, तिखटाचा वास आला म्हणाले, आणि चतकोर मोडून चावायला लागले. चावत राहिले. मारोतरावांच्या नातीचं लग्न रिसोडला ठरलंय हे सांगत सांगत चावत राहिले. मग बोलणं थांबलं, मान थोडी वर झाली, खांदे उचलले गेले, डोळे अर्धे मिटले. विजयमालानं नजर खाली केली. ते बघणं तिच्यानं होईना. बापाचा गळा, त्यावरची सैल झालेली कातडी, एक घास खाली ढकलायला चाललेली ती धडपड, आणि ती कोणाला दिसू नये म्हणून चाललेली दुसरी धडपड. बाबांनी तांब्या तोंडाला लावला. पाणीही तिथंच राहिलं असावं, कारण ते तसेच ताठ बसून राहिले आणि हाताच्या खुणेनं म्हणाले, छान झाली भाजी. मग चूळ भरून येतो अशी खूण करून ते उठायला लागले.

"बाबा, बसा," विजयमाला म्हणाली. "इथंच थुंका. ताटात थुंका." ते बसले नाहीत. मोरीत गेले, तिथं बराच वेळ नळ वाहिला, आणि बाहेर आले तेव्हा मिशी ओली होती आणि चेहरा कंडक्टरचा, एखाद्या फुकट्या प्रवाशानं उलट बोलल्यासारखा. "कायले थुंकू? मिरची लागली जराशीक." "घास उतरत नाही तुमचा." "कोन म्हनते? लोण्यावानी उतरते." "आईला विचारलं मी." "ते बुढी कायबी बोलते. तुह्या ऑपरेशननं मी..." "बाबा!" तिचा आवाज एवढा चढला की खालचा रेडिओ बंद झाला. मारोतराव कान देऊन बसले असणार. बाबांनी दाराकडे बघितलं आणि आधी जाऊन दार लावलं. तेवढ्यातही त्यांना फिकीर होती ती तिच्या नावाची, की खाली काय ऐकू गेलं असेल. तिला वाटलं, ह्या माणसाला असंच न्यावं, बकोटीला धरून अकोल्याला न्यावं, फुगा घालून ती जागा ताणून घ्यावी, विचारायचं कशाला! पण दवाखान्यात डॉक्टर विचारणार, आजोबा काय त्रास आहे, आणि हे म्हणणार, फस्क्लास. मोठ्या आवाजात म्हणणार. आपल्या मुलीचं आहे म्हणणार. आणि डॉक्टर दोघांकडे बघून हसणार आणि घरी पाठवणार.

ती त्यांच्यासमोर खाली बसली. मनात काही जुळवलेलं नव्हतं, जुळवायची ताकदही नव्हती. "बाबा, ते ऑपरेशन माह्यं नाई," ती म्हणाली, आणि कितीतरी वर्षांनी तिच्या तोंडून मेडशीचीच बोली आली. "म्या काईच काढलं नाई. अवजार कंपनीचं. ऑपरेशन करनारे डाक्टर येगळे, बाहेरून येत. मी फकस्त डुकराईले सुई देत होतो झोपाची. आन शेवटी मराची. माह्यं नाव कोठीच नाई त्यात." बाबा बघत राहिले. तिला वाटलं, आता ते चिडतील, किंवा म्हणतील की तू मुद्दाम बोलून राह्यली. तसं झालं नाही. ताटातली भाजी थंड झाली. रस्त्यावरून भंगारवाला गेला, त्याची आरोळी कोपऱ्यावरून वळेपर्यंत ऐकू येत होती. तिच्या डोळ्यांपुढं तो पानठेला आला, जो तिनं नीट कधी बघितलाही नव्हता, आणि त्याच्यासमोर उभा असलेला, खाकी कपड्यातला, पन्नाशीच्या आतला बाप. त्याच्या हातातलं ते एवढंसं उत्तर तिनं आत्ता काढून घेतलं होतं. आपण काय केलं हे! दुसरा काही रस्ता नव्हता का? असेलही, तिला सुचला नव्हता. तिला रडू येत होतं आणि तेही अर्ध्यावरच थांबलं होतं.

"फकस्त सुई?" बाबांनी अखेर विचारलं. "हो." "मंग ते कोनाचं होय म्हनतं?" "कंपनीचं." "कंपनीचं." तो शब्द त्यांनी तोंडात घोळवला. मग ताट पायानं नव्हे, हातानं, हळूच बाजूला सारलं, भिंतीला पाठ लावली आणि डोळे मिटले. त्यांचा चेहरा पाहता पाहता म्हातारा झाला. एवढा वेळ तो कुठं लपवला होता कोण जाणे. "नाई जात माय," ते म्हणाले. "काहीच नाई जात. पह्यले पंधरा दिस डाक्टर म्हने सुजन हाये, त म्या म्हनलं जाईन. नाई गेली. इथं, या हाडाखाली, अशी गाठ बसते. पानी पेलो त त्या गाठीवर उभं राह्यते, खाली नाई जात आन वरतं बी नाई येत, दम कोंडते. वाटते आता जीव जाते. आन भूक त एवढी लागते, एवढी लागते, काल तुह्या भाकरीचा वास आला त मले रडू आलं. जळजळ नाई पाहा, खोटं नाई बोलत, जळजळ बिलकुल गेली. झोप बी येते. पन झोपीत मी जेवूनच राह्यतो. पंगतीत बसलो, कोनी बुंदी वाढून राह्यलं." ते थांबले, श्वास घेतला आणि पुन्हा सुरू झाले. चहा कसा घोट घोट करत तासभर पुरतो, केळं जातं पण अर्धं, मेडशीत तेरवीच्या जेवणाला बोलावणं आलं की पोट दुखायचा बहाणा कसा करतात, दुर्गाबाई रात्री कशी पाठ चोळते आणि चोळता चोळता रडते. ढेकर येत नाही, ओकारी येत नाही, आत हवा कोंडून पोट ढोलकं होतं आणि लाजेकाजेस्तव कोणापाशी बसता येत नाही. आणि मग त्यांनी कंपनीच्या सात पिढ्या काढल्या. त्या कंपनीच्या मालकाचं, त्याच्या अवजाराचं, ते अवजार घडवणाऱ्याचं, सगळ्यांचं, एसटी स्टँडवर शिकलेल्या शिव्यांनी, मुलगी समोर बसली आहे हे विसरून, असं काही केलं की खालचा रेडिओ जो सुरू झाला होता तो पुन्हा बंद झाला.

विजयमाला ऐकत होती. तिनं मध्ये काही विचारलं नाही. कुठं अडतं, किती वेळ अडतं, पाण्यानं काय होतं, सगळं येत होतं, न विचारता, एकामागून एक. तिच्या उभ्या आयुष्यात एवढा वेळ कोणत्याही रोग्यानं तिला स्वतःच्या तोंडानं सांगितलं नव्हतं. कधीतरी तिनं बापाचा पाय हातात घेतला होता आणि ती तो दाबत होती, आणि हाताला नुसती हाडं लागत होती. "उद्या अकोल्याले जाऊ," ती म्हणाली. "फुगा घालून ते जागा मोठी करतेत. अर्ध्या घंट्याचं काम हाये. जेवता येते मंग." "खरं?" "खरं. म्या पाह्यलं हाये." "डुकरावर?" "हो." "जेवलं ते?" "लय जेवलं." बाबांनी मान हलवली. ते ऐकून त्यांना डुकराबद्दलच बरं वाटलं असावं, तसा चेहरा झाला. त्यांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं, घसा खाकरला, आणि मग बंद दाराकडे एकवार बघून, आयुष्यात पहिल्यांदा असेल, एकदम बारीक आवाजात म्हणाले, "डाक्टरले सांगतो मी उद्या. सारं सांगतो. पन मेडशीत नको बोलू बरं विजू. तठी ते ऑपरेशन तुहंच राहू दे."